मुलाखतीची वेळ इंग्रजीत ठरवताना

"प्लीज शेअर युअर अव्हेलेबिलिटी फॉर नेक्स्ट वीक." मेलमध्ये एवढी एक ओळ येते आणि चांगल्या शिकलेल्या मुलामुलींची बोटं कीबोर्डवर अडतात. पुण्यात एचआरमध्ये मुलाखतींच्या वेळा लावायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. उमेदवार, पॅनेलमधले तिघे आणि मीटिंग रूम, एवढं सगळं जुळवणं मुहूर्त काढण्यापेक्षा अवघड असतं. या ओळीला मला सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर असं: "रिस्पेक्टेड मॅम, एनी टाइम ॲज पर युअर कन्व्हिनियन्स. काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट." लिहिणाऱ्याला वाटतं, किती अदबीनं लिहिलंय. माझ्या हातात मात्र ना वार पडतो, ना वेळ. वर 'ॲट द अर्लिएस्ट' म्हणजे मलाच घाई केलेली.

खाली दिलेली इंग्रजी वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. मेल अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचा. वाक्यं पाठ करण्याआधी एक गोष्ट मात्र समजून घ्या, म्हणजे उरलेली वाक्यं तुमची तुम्हालाच सुचतील.

आदर कुठे बसतो

मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटात असतो. "लिंक पाठवा", "वेळ कळवा" यात 'पाठव' न म्हणता 'पाठवा' म्हटलं की काम झालं. इंग्रजीत 'पाठव' आणि 'पाठवा' दोन्हींचं 'सेंड'च होतं. आपला तो 'वा' वाटेतच गळून पडतो आणि समोरच्याच्या हाती "सेंड मी द लिंक" असा हुकूम लागतो. तो मऊ करायला आपण वरून 'काइंडली' शिंपडतो. पण "काइंडली सेंड" हाही हुकूमच, फक्त इस्त्री केलेला.

इंग्रजीची नम्रता क्रियापदाला भूतकाळी रूप देण्यात आहे. 'कॅन'चं 'कुड', 'विल'चं 'वुड', 'आय वॉन्ट'चं 'आय वुड लाइक', 'आय वंडर'चं 'आय वॉज वंडरिंग'. हे परकं वाटत असेल तर आठवून बघा: साहेबांच्या केबिनच्या दारात उभं राहून आपण काय म्हणतो? "सर, जरा एक विचारायचं होतं." 'होतं' कधी, काल? नाही, आत्ताच विचारायचंय. पण 'विचारायचंय' म्हटलं की अंगावर गेल्यासारखं होतं, 'होतं' म्हटलं की समोरच्याला 'नंतर या' म्हणायची वाट मोकळी राहते. "आय वॉज वंडरिंग इफ..." हे त्याचंच इंग्रजी भावंड.

दुसरी निम्मी नम्रता व्याकरणात नाही, कामात आहे. समोरच्याला उत्तर द्यायला दहा सेकंद लागावेत, असं लिहा. दोन-तीन ठोस वेळा देणारा उमेदवार मला 'रिस्पेक्टेड' लिहिणाऱ्यापेक्षा कितीतरी सभ्य वाटतो.

पहिलं उत्तर

आधी स्वतःचं कॅलेंडर बघा, मगच लिहा. नोकरीत असाल तर शिफ्ट, कॉलेजात असाल तर प्रॅक्टिकल, गावाकडे असाल तर लाइट आणि नेटवर्क कधी असतं तेही. मग असं लिहा:

"थँक यू फॉर कन्सिडरिंग माय ॲप्लिकेशन. आय ॲम अव्हेलेबल ऑन ट्यूजडे, टेन्थ मार्च, बिटवीन टेन अँड वन, अँड ऑन थर्सडे, ट्वेल्व्थ मार्च, आफ्टर थ्री पी.एम. इफ नीदर ऑफ दीज वर्क्स फॉर यू, आय वुड बी हॅपी टु फाइंड अनदर टाइम."

तीन वाक्यं पुरतात. वार आणि तारीख दोन्ही दिली आहे, कारण एक चुकलं तर दुसरं पकडून देतं. तारीख आकड्यात लिहायची असेल तर महिना तरी अक्षरात लिहा. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च.

'नेक्स्ट फ्रायडे' हा शब्दप्रयोग मी स्वतः वापरणं सोडून दिलंय. सोमवारी कोणी 'नेक्स्ट फ्रायडे' म्हटलं तर काहींना याच आठवड्यातला शुक्रवार वाटतो, काहींना पुढच्या आठवड्यातला. दोघंही हट्टाला पेटतात. तारीख लिहा, वाद मिटवा.

'रिस्पेक्टेड' बद्दल. मायन्यात 'डिअर' आणि पुढे नाव, एवढं पुरे. समोरच्यानं मेलखाली फक्त पहिलं नाव लिहिलं असेल, तर "डिअर" आणि ते पहिलं नाव. आयटीत आणि परदेशी कंपन्यांत त्यात उद्धटपणा नाही. शाळा, बँक, सरकारी उपक्रम, जुनी कारखानदारी इथे "डिअर सर" किंवा "डिअर मॅडम" अजून व्यवस्थित चालतं. बाईंच्या नावाआधी 'मिसेस' मात्र लावू नका. लग्न झालंय की नाही हे तुम्हाला माहीत नाही आणि ते तुमचं कामही नाही. 'मिज' असा उच्चार असलेलं संबोधन (रोमनमध्ये Ms) त्यासाठीच आहे. सुरुवात 'मायसेल्फ अमुकतमुक' अशी करायची सवय असेल तर ती तोडा. मेलमध्ये नाव खाली येतंच, फोनवर "धिस इज" म्हणून नाव सांगा.

विषयाच्या ओळीत नुसतं 'इंटरव्ह्यू' नको. माझ्या इनबॉक्समध्ये त्या विषयाचे चाळीस मेल असतात. पद, तुमचं नाव, तारीख एवढं लिहा, आणि शक्यतो त्यांच्याच मेलला रिप्लाय द्या. नवीन मेल काढला की आधीचा सगळा संदर्भ तुटतो.

वेळ पक्की झाली

वेळ आली की बरेच जण कॅलेंडरच्या इन्व्हाइटवर 'यस' दाबून मोकळे होतात. ते दाबाच, पण सोबत एक ओळ लिहा:

"थँक यू. आय कन्फर्म द इंटरव्ह्यू ऑन थर्सडे, ट्वेल्व्थ मार्च, ॲट थ्री थर्टी पी.एम."

वेळ पुन्हा लिहिण्यात तुमचाच फायदा आहे. कोणाची चूक असेल तर ती तिथेच उघडी पडते. 'नोटेड' एवढंच लिहून पाठवू नका. तो शब्द वरिष्ठ हाताखालच्यांना लिहितात तसा वाजतो. 'ओके' व्हॉट्सॲपवर चालेल, मेलवर कोरडं वाटतं. आपल्या 'चालेल'साठी इंग्रजीत चांगली जागा आहे: "दॅट वर्क्स वेल फॉर मी." 'चालेल'चा सैलपणा नाही, आणि होकार स्पष्ट.

काही विचारायचं असेल तर याच मेलमध्ये विचारून घ्या: "कुड यू प्लीज लेट मी नो वेदर द इंटरव्ह्यू विल बी ऑनलाइन ऑर इन पर्सन, अँड हाउ लाँग इट इज लाइकली टु टेक?" किती वेळ लागेल हे विचारायला मुलं लाजतात. लाजू नका. लेखी परीक्षा, मग टेक्निकल, मग एचआर असा अख्खा दिवस जाणार असेल तर तुम्हाला रजा अर्ध्या दिवसाची टाकायची की पूर्ण, हे आधी कळलेलं बरं. प्रश्न मात्र एकाच मेलमध्ये. एकेक प्रश्न सुटा पाठवला की तिसऱ्या मेलला माणूस वैतागतो.

दिलेली वेळ जमत नसेल तर

इथे दोन टोकं दिसतात. एक, "सॉरी, नॉट पॉसिबल." दुसरं, आजी दवाखान्यात, मामेबहिणीची हळद, गाडी पंक्चर, असं चार परिच्छेदांचं पुराण. कारण एका ओळीच्या वर जाऊ देऊ नका. "आय हॅव अ प्रायर कमिटमेंट ॲट दॅट टाइम" एवढं सांगून थांबलात तरी कोणी खोदून विचारत नाही. 'माझी परीक्षा आहे' याचं इंग्रजी "आय हॅव ॲन एक्झाम." 'आय ॲम हॅविंग' नको.

"थँक यू फॉर द इन्व्हिटेशन. आय ॲम अफ्रेड आय हॅव ॲन एक्झाम ऑन वेन्सडे मॉर्निंग. वुड वेन्सडे आफ्टरनून ऑर थर्सडे वर्क फॉर यू?"

'आय ॲम अफ्रेड' म्हणजे इथे घाबरलो नाही. आपण 'माफ करा, पण' म्हणतो, त्या जागी ते येतं. रचना लक्षात ठेवा: आभार, अडचण, पर्याय. पर्याय न देता नुसती अडचण सांगणं म्हणजे चेंडू समोरच्याच्या अंगणात टाकून दार लावून घेणं.

आणि खरं सांगू? पहिल्यांदा वेळ बदलून मागितल्यानं कोणाची नोकरी जाताना मी पाहिलेली नाही. 'येतो' म्हणून न आल्यानं मात्र पुष्कळांची गेली आहे.

पुढे की मागे: सगळ्यात मोठा खड्डा

एक प्रसंग सांगते. एका उमेदवाराची मुलाखत बुधवारी होती, पॅनेलमधल्या बाई लंडनमध्ये. त्याला घरच्या कामासाठी दोन दिवस हवे होते. मराठीत आपण काय म्हणू? 'दोन दिवस पुढे ढकला.' त्यानं सरळ लिहिलं, "कुड यू प्लीज मूव्ह द इंटरव्ह्यू फॉरवर्ड बाय टू डेज?" वाक्याचं व्याकरण बरोबर, अदबही बरोबर. बाईंनी तत्परतेनं मुलाखत सोमवारी घेतली. त्याला इन्व्हाइट मिळालं शनिवारी संध्याकाळी, तेव्हा तो लातूरच्या बसमध्ये बसलेला होता. शेवटी मी फोनाफोनी करून शुक्रवार मिळवला, पण त्या शनिवारी रात्री तिघांचंही डोकं फिरलं होतं.

झालं असं, की आपण मराठीत वेळ 'पुढे' ढकलतो म्हणजे उशिरा करतो. ब्रिटिश इंग्रजीत 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे अलीकडे आणणं, आणि 'मूव्ह फॉरवर्ड'चाही बरेच जण तोच अर्थ घेतात. उलट 'पुश बॅक' मध्ये 'बॅक' असूनही अर्थ उशिरा करणं. म्हणजे आपल्या पुढे-मागेचं नेमकं उलटं. एवढं लक्षात ठेवायला जड जात असेल तर फॉरवर्ड आणि बॅक दोन्हींना हात लावू नका. उशिरा हवी असेल तर 'टु अ लेटर डेट', लवकर हवी असेल तर 'टु ॲन अर्लियर डेट', आणि सोबत तारीख:

"आय वॉज वंडरिंग इफ इट वुड बी पॉसिबल टु मूव्ह द इंटरव्ह्यू टु अ लेटर डेट, परहॅप्स फ्रायडे, थर्टीन्थ मार्च."

'प्रीपोन' हा आपला लाडका शब्द. पोस्टपोन आहे तर प्रीपोन का नसावा, हे तर्कशास्त्र मला पटतं, आणि भारतातल्या कोणत्याही ऑफिसात तो बिनदिक्कत वापरा. बाहेरच्या माणसाला लिहिताना मात्र टाळा, त्यानं तो कधी ऐकलेलाच नसण्याची शक्यता आहे. तीच गोष्ट 'रिव्हर्ट'ची. आपण 'उत्तर द्या' म्हणून "प्लीज रिव्हर्ट" लिहितो. एरवीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ पूर्वस्थितीला परत जाणं. 'रिप्लाय' हा साधा शब्द मोकळा पडलाय, तो घ्या.

आधी पक्की केलेली वेळ बदलायची असेल तर सूर आणखी एक पायरी खाली आणा. "आय ॲम व्हेरी सॉरी, बट समथिंग अर्जंट हॅज कम अप, अँड आय विल नॉट बी एबल टु अटेंड टुमारो ॲज प्लॅन्ड." एकदाच सॉरी म्हणा. प्रत्येक वाक्यात माफी मागितली की वाचणाऱ्याला आपणच काहीतरी अन्याय केल्यासारखं वाटायला लागतं.

'वुड यू माइंड'ला काय उत्तर द्यायचं

कधी तेच वेळ बदलून मागतात: "वुड यू माइंड मूव्हिंग इट टु फोर?" इथे उत्साहानं 'येस, येस' म्हणाल तर त्याचा शब्दशः अर्थ 'हो, माझी हरकत आहे'. आपल्याकडचं "तुमची काही हरकत नाही ना?" आठवा. त्याला आपण "छे छे, अजिबात नाही" म्हणतो. इंग्रजीतही तसंच: "नॉट ॲट ऑल. फोर ओ'क्लॉक इज फाइन."

फोन आला तर

रिक्रूटरचा फोन नेमका एसटीत, लोकलमध्ये किंवा आत्ताच्या साहेबांसमोर येतो. गडबडीत 'हां हां, ओके' करत वेळ मान्य करून टाकायची आणि मग घरी येऊन ट्यूजडे होता की थर्सडे आठवत बसायचं, हे नेहमीचं. त्यापेक्षा सरळ सांगा: "थँक यू फॉर कॉलिंग. आय ॲम ट्रॅव्हलिंग ॲट द मोमेंट अँड द लाइन इज नॉट क्लिअर. कुड आय कॉल यू बॅक इन हाफ ॲन अवर?" आणि अर्ध्या तासात खरंच फोन करा.

ट्यूजडे आणि थर्सडे खराब लाइनवर सारखेच ऐकू येतात, थर्टीन आणि थर्टीही. म्हणून ऐकलेलं परत म्हणून दाखवा: "सो दॅट्स थर्सडे, द ट्वेल्व्थ, ॲट टू थर्टी इन द आफ्टरनून. इज दॅट राइट?" आपल्या डोक्यात वेळ दीड, अडीच, पावणेतीन अशी चालते. ती इंग्रजीत आणताना घसरते, विशेषतः घाईत. 'क्वार्टर टु थ्री' म्हणजे पावणेतीन, 'क्वार्टर पास्ट थ्री' म्हणजे सव्वातीन. ब्रिटिश माणूस बोलण्यात नुसतं 'हाफ थ्री' म्हणाला तर ते साडेतीन, अडीच नव्हे. तुम्ही स्वतः बोलताना आकडेच वापरा: टू फोर्टी-फाइव्ह, थ्री फिफ्टीन.

'टुडे ईव्हनिंग' नव्हे, 'धिस ईव्हनिंग'. बारीक गोष्ट आहे, पण कानाला लागते. फोन संपला की दोन ओळींचा मेल टाका: "ॲज डिस्कस्ड ओव्हर द फोन, आय कन्फर्म..." फोनवरचं हवेत विरतं, मेल शोधता येतो.

परदेशातल्या माणसाशी वेळ ठरवताना

भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, हे बारा महिने तसंच. ब्रिटन आणि अमेरिकेचा बहुतेक भाग मात्र उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. त्यामुळे लंडनचे सकाळचे १० म्हणजे जानेवारीत आपले दुपारचे ३:३०, आणि जुलैत २:३०. न्यूयॉर्कचे सकाळचे ९:३० हिवाळ्यात आपले रात्रीचे ८, उन्हाळ्यात संध्याकाळचे ७. त्यातही दोघांचा मुहूर्त वेगळा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ बदलतं, ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. परत मागे घेतात ते ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मार्च महिन्यात माझ्याकडे सगळ्यात जास्त मुलाखती चुकतात, त्या याच गोंधळात.

'आयएसटी' एवढं लिहूनही भागत नाही. आयर्लंडची उन्हाळी वेळ आणि इस्रायलची वेळ यांचीही आद्याक्षरं तीच आहेत. शहराचं नाव लिहिणं सगळ्यात सुरक्षित: "थ्री थर्टी पी.एम. इंडिया टाइम, विच आय बिलीव्ह इज टेन ए.एम. इन लंडन. प्लीज लेट मी नो इफ आय हॅव गॉट धिस राँग." शेवटचं वाक्य मला फार आवडतं. चूक तुमची असो की त्यांची, दोघांचीही अब्रू राखून ती दुरुस्त होते.

रात्री साडेअकराची वेळ दिली तर नाही म्हणता येतं का? येतं. "वुड अ स्लाइटली अर्लियर टाइम बी पॉसिबल? इट वुड बी क्वाइट लेट इन द ईव्हनिंग हिअर." पुष्कळदा त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं.

उत्तरच आलं नाही

दोन कामाचे दिवस थांबा. शनिवार-रविवार धरू नका. मग लिहा: "आय ॲम राइटिंग टु फॉलो अप ऑन माय ईमेल ऑफ मंडे. आय ॲम स्टिल व्हेरी इंटरेस्टेड इन द रोल अँड रिमेन अव्हेलेबल ॲट द टाइम्स मेन्शन्ड बिलो." 'आय ॲम वेटिंग फॉर युअर रिप्लाय' नको, दारात ताटकळत उभा असलेला माणूस दिसतो. 'जेंटल रिमाइंडर' आपल्या ऑफिसांत सर्रास चालतं, पण त्यातला 'जेंटल' हल्ली कोणालाच जेंटल वाटत नाही. शेवट "आय लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू" असा करा. 'टु हिअर' नव्हे, 'टु हिअरिंग'. व्हॉट्सॲपवर लगोलग तीन प्रश्नचिन्हं पाठवणारे असतात. त्यांना मी उत्तर देते, पण सगळ्यात शेवटी.

त्याच दिवशी उशीर झाला तर

हिंजवडीचा ट्रॅफिक किंवा रविवारचा मेगाब्लॉक कोणाला चुकलाय? पोचायच्या वेळेच्या आधी कळवलं तर तो निरोप, नंतर कळवलं तर तो बहाणा. "आय ॲम ऑन माय वे, बट आय ॲम रनिंग अबाउट ट्वेंटी मिनिट्स लेट बिकॉज ऑफ ट्रॅफिक. आय ॲम सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स. इफ धिस अफेक्ट्स द पॅनेल्स शेड्यूल, आय अंडरस्टँड." मिनिटं खरी सांगा. वीस लागणार असतील तर वीसच. 'फाइव्ह मिनिट्स, मॅम' म्हणून अर्ध्या तासानं येणाऱ्याचं नाव मी पॅनेलला सांगते तेव्हा त्यांनी चहा मागवलेला असतो, आणि चहानंतर पुढच्या उमेदवाराची वेळ झालेली असते.